डंप चारवरची सालाची झाडे

मी, जोसेफा मार्टिन होरो, वय एकाहत्तर, राहणार डुमरटोली, कोळसा प्रकल्पाच्या बियाणे भांडारातून निवृत्त, पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण संतापात हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कोणाचा दबाव नाही. असता तर मी मुद्दाम उलट लिहिले असते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते तापात लिहिले होते आणि त्यात भाच्याला नको तितके दिले होते.

१. घर, परसातली विहीर आणि बियांची कोठी माझी भाची सुशांती हिला. अट कलम चारमध्ये आहे. ती वाचून दाखवल्याशिवाय किल्ली देऊ नये.

२. भाचा अमृत याला माझा कूलर. तो उन्हात बाहेर पडत नाही. मला डंपावर, म्हणजे खाणीतून उपसलेल्या माती-दगडाच्या ढिगाऱ्यावर, चढताना पाहून तो म्हणाला होता, "आत्या, कंपनीनं हिरवं करून दिलंय की. तू कशाला म्हातारपणी कचऱ्यावर रांगतेस?" त्या कचऱ्याखाली त्याच्या आजोबांची सालवृक्षांची राई गाडलेली आहे. त्याला आणखी काही देऊ नये.

३. तेव्हाचे वनीकरण अधिकारी मैत्रसाहेब यांना डंप चारची चौकटीतली तसबीर, जी त्यांनीच मला निरोप समारंभात दिली. तसबिरीत सगळे हिरवे दिसते. सगळी सुबाभूळ आहे. खाली ना आळंबी, ना दातवणाची काडी, ना पाखरू.

डंप चारवर झाडे लावायची ठरली त्या वर्षी जूनमध्ये गावच्या बायकांनी चाळीस गोण्या सालाचे बी वेचून आणले. हे बी झाडावरून पडले की जेमतेम सात दिवस जिवंत असते, हे आमच्याकडे शेळ्या राखणाऱ्यालाही ठाऊक. साहेबांना पेरणी ऑगस्टमध्ये, पाहुण्यांसमोर करायची होती. मी दोनदा सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, बी म्हणजे बी. गोणीत नासायला ते काय दूध आहे?" ऑगस्टमध्ये पाहुण्यांनी हातमोजे घालून मेलेले बी पेरले आणि फोटो काढले. एकही उगवले नाही. मग साहेबांनी अहवाल लिहिला, की या जमिनीत साल येत नाही. त्याच कागदाच्या जोरावर पुढच्या प्रत्येक डंपावर सुबाभूळ आली.

त्या अहवालावर तिसरी सही माझी आहे. मला त्यांची किळस येते, स्वतःची त्याहून जास्त. मिशनच्या शाळेत खोटे लिहिणाऱ्या हातावर सिस्टर बेनेडिक्टा पट्टी मारत. निवृत्तीला नऊ वर्षे उरली होती, मी पट्टी विसरले. ती सही मी इथे साक्षीदारांसमोर मागे घेते. या कलमाची प्रत प्रकल्प कार्यालयात देऊन पोच घ्यावी. पोच देत नसतील तर रोज जावे.

४. सुशांतीची अट. डंप चारच्या उत्तर उतारावर आम्ही दोघींनी आधी ताग, कुळीथ आणि दीनानाथ गवताचे बी मिसळून टाकले, मध्ये करंज आणि आवळा लावला. तिसऱ्या वर्षी त्यांच्या सावलीत सालाचे ताजे बी पेरले, प्रत्येक खड्ड्यात मिशनमागच्या रायीतली मूठभर माती घालून. अकरा रोपे जगली आहेत, माझ्या कमरेपर्यंत आली आहेत. अहवाल खोटा आहे याचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही. तिने दर जूनमध्ये बी वेचून सात दिवसांच्या आत तिथे पेरावे. सुबाभळीचे रोप दिसले की उपटावे. उपटताना शिवी आली तर देवाकडे मी बघून घेईन.

हे ऐकून तिने विचारले, "आणि आत्या, तू नेमकी बी पडायच्या दिवसांत गेलीस तर?"

५. तर आधी बी. मला बर्फावर ठेवावे. बर्फावर मयत थांबते, सालाचे बी थांबत नाही. पेरणी संपली की सुशांतीने हात न धुता यावे आणि माझ्यावर पहिली माती तिने टाकावी.

साक्षीदार:
फादर अनुरंजन सोरेंग (बर्फाच्या कलमाला त्यांनी हरकत घेतली. ऐकून घेतली, मानली नाही.)
मंगरा पाहन, गावचे पुजारी, डाव्या हाताचा अंगठा

सही: जोसेफा मार्टिन होरो
डुमरटोली, २९ मे २०२३. बी अजून झाडावर आहे.