कारणाचा रकाना

बाबा, तुम्ही ज्याला आयुष्यभर मीटर वाचणं म्हटलं, त्याला आता डेटा मॉनिटरिंग म्हणतात, आणि तुमची मुलगी तेच करून पोट भरते. नेपियर टाउनच्या ऑफिसात बसल्या-बसल्या मला शहरातल्या कितीतरी सरकारी इमारतींची वीज स्क्रीनवर दिसते. कुठे किती लागली, केव्हा लागली. त्यावरून मी वीज वाचवायच्या नियमांचे मसुदे लिहिते आणि साहेब सही करतात. तुम्ही म्हणाले असते, "अच्छा, म्हणजे उन्हात जायचं कामच नाही!"

खमरियाच्या क्वार्टरांमधून तुमच्या सायकलच्या मागे बसून मी किती फिरले. तुमच्या रजिस्टरात आकड्यांपुढे एक जास्तीचा रकाना होता, तुम्ही स्वतः पट्टीने आखलेला, कारणाचा. त्यात लिहायचे: पाहुणे. बाळंतीण. पोरीची परीक्षा. ऑफिसातले लोक टिंगल करायचे. मी सातवीत होते, तुम्ही तापाने फणफणलेले, म्हणून रजिस्टर देऊन मला पाठवलं. चार घरं केली, ऊन लागून राहिलं, तर उरलेल्या दोन घरांचे आकडे मी अंदाजाने ठोकून दिले. तुम्ही अंथरुणातूनच पाहिलं. "काहून वं, हे लोक तर आठ दिवसांपासून अमरावतीला लग्नाला गेले. बंद घरातला पंखा तू फिरवून आली का?" मला हसू आलं, तुम्हाला नाही. तसेच उठले, डोक्याला गमछा बांधला आणि मला घेऊन निघाले. आई ओरडत राहिली. रस्ताभर एकच बोलले, "आकडा चुकला तर चालते. दारापर्यंत न जाता लिहिला तर नाही चालत." तेव्हा तुमचा फार राग आला होता.

आता ऐका. घमापुरात एक सरकारी शाळा आहे. दर रविवारी सकाळी शाळा बंद, आणि माझ्या स्क्रीनवर विजेची रेघ एकदम वर! मी म्हटलं, सापडलं. याआधी एका ऑफिसात माणसं यायच्या दोन तास आधीपासून एसी चालतात, हे मी असंच बसल्या जागी पकडलं होतं. ते बरोबर निघालं, शाबासकी मिळाली आणि मी शेफारले. खरंच शेफारले. मसुद्यात लिहून टाकलं, सुट्टीच्या दिवशी इमारतीचा मेन स्विच बंद. चाचणी त्याच शाळेपासून. पुढच्या रविवारी रेघ सपाट झाली, तर मला कोण आनंद!

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी शाळेच्या शिपायाचा फोन आला, "दीदी, एक बार आके देख लो." गेले. फाटकापासून रिकाम्या डब्यांची रांग. मागच्या गल्लीत नळाला पाणीच नाही. एरवी बाया लांबच्या हातपंपावरून डोक्यावर आणतात, आणि रविवारी मुलं नसतात म्हणून शिपाई शाळेच्या बोअरचा पंप लावून गल्लीला हवं तेवढं पाणी भरू देतो. कितीतरी वर्षांपासून, कुठेही न लिहिता. सुजलेल्या पायांची एक म्हातारी दोन डबे घेऊन उन्हातच बसली होती. तिने मला विचारलं, "बेटा, किसने बंद करवाया?"

नियम मी दुरुस्त केला. त्यात आता कारणाचा रकाना आहे, आणि तो जागेवर जाऊन, माणसांना विचारूनच भरायचा आहे. पंप सुरू झाला. साहेब "चलो, हो जाता है" म्हणाले, अन् विषय संपला. सगळं नीट झालं, तेव्हा हे पत्र लिहायची तशी गरज नव्हती, आणि टाकायला पत्ता तर नाहीच.

पण त्या म्हातारीला मी काय उत्तर दिलं, ते घरी कोणालाच सांगितलं नाही. मी म्हटलं, "अम्मा, ऊपर से ऑर्डर आया है." तिने मान हलवली. "हाँ बेटा, तुम भी क्या करोगी," म्हणत उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

बाबा, वर मीच होते.