प्रमाण पायाच्या रजेबाबत

प्रति,
मा. संचालक,
क्रीडा मापन केंद्र,
तिसरा मजला.

विषय : उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सहा आठवड्यांची रजा मिळण्याबाबत.
संदर्भ : रजा नामंजूर केल्याचे आपले दि. ३ चे पत्र.

महोदय,

सविनय निवेदन की, अर्जदार आपल्या केंद्रात अकरा वर्षे प्रयोगशाळा सहायक आहे. शिवाय तो केंद्राचा प्रमाण पायही आहे. हे पद आस्थापना यादीत नसल्याने थोडा खुलासा करणे भाग आहे.

१. गुडघा किती वाकतो हे मोजण्यासाठी खेळाडूंच्या पायांना बांधायचे सेन्सर रोज सकाळी तपासावे लागतात. पूर्वी ही तपासणी भिंतीवरच्या कॅमेऱ्यांशी ताडून होई. ते दुरुस्तीस गेले ते गेलेच. चालताना अर्जदाराचा गुडघा साठ अंश वाकतो, अशी त्या कॅमेऱ्यांची शेवटची नोंद होती. त्यावर आपण तोडगा काढलात, की अर्जदाराने सेन्सर बांधून बारा पावले चालावे. साठ दाखवले तर सेन्सर बरोबर; न दाखवल्यास दाखवेपर्यंत तो सुधारावा.

२. पुढे गुडघा कुरकुरू लागला. आज तो कसाबसा चाळीस अंश वाकतो. सेन्सरांनी बिचाऱ्यांनी हे प्रामाणिकपणे सांगितले आणि म्हणून ते सगळे नादुरुस्त ठरले. आता सुधारलेले सेन्सर प्रत्येकाच्या मापात वीस अंश आपल्या पदरचे घालतात.

३. याचा फटका एका धावपटू मुलीला बसला. तिचे धडधाकट गुडघे प्रमाणाबाहेर वाकतात असे निघाले. प्रशिक्षकांनी तिला पाय आखडून चालायला लावले. महिनाभराच्या सरावाने ती हुबेहूब अर्जदारासारखी चालू लागली असून तिच्या अहवालावर ‘उत्तम प्रगती’ असा शेरा आहे. “काका, माझं चुकतंय तरी काय?” असे विचारून ती पोर अर्जदारापुढे रडली. त्या दिवशी अर्जदारास जेवण गेले नाही.

४. अर्जदाराने रजा मागताच आपण त्याचा गुडघा तपासविला, तोही याच सेन्सरने. साठ अंश! सबब ‘गुडघा उत्तम, रजेचे कारण दिसून येत नाही’. डॉक्टरांचा एक्स-रे बाहेरचा कागद म्हणून बाजूला पडला. अर्जदाराच्या पत्नीने आपले पत्र वाचले व म्हणाली, “एवढा उत्तम पाय आहे, तर सिलिंडर तुम्हीच वर आणा की!” घरातही आता अर्जदाराची बाजू कोणी घेत नाही.

५. रजाकाळात तंतोतंत तसाच पाय बदली द्यावा, अशीही आपली अट आहे. अर्जदाराकडे जादा पाय एकच असून तो डावा आहे.

तरी सेन्सर नव्याने तपासावेत व अर्जदारास रजा द्यावी, ही विनंती. दोहोंपैकी एकच मंजूर होणार असेल, तर आधी सेन्सर. त्या मुलीपुढे अख्खे आयुष्य आहे. निर्णयापूर्वी अर्जदारास चालताना एकदा नुसत्या डोळ्यांनी पाहावे. त्यासाठी तो आज समक्ष हजर होण्यास निघाला आहे. लिफ्ट बंद आहे.

आपला नम्र व कागदोपत्री ठणठणीत,
(सही)
प्रयोगशाळा सहायक
दि. १४, सकाळी ११

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला व एक्स-रे.
२) आपल्या पत्राची प्रत.
३) अर्जदार स्वतः. (दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचला आहे. अर्ज शिपायाहाती वर पाठवला आहे. कृपया एक जिना खाली यावे.)