चार नंबरच्या गाडीचं हेड आणि त्याचं जळकं गॅस्केट

मी खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा जुन्या शर्यतीच्या गाड्यांचे सुटे भाग ओळखणे, घेणे व विकणे, राहणार गॅरेजच्या वरचा मजला, हे माझे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, मी वार सांगितला आणि त्यांच्या खुर्चीचं एक चाक मूळचं नाही हेही सांगितलं. त्यांनी लगेच शिक्का मारला. माझ्यावर कोणी जोरजबरदस्ती केलेली नाही. गोडगोड बोलणं मात्र गेला महिनाभर फार झालं आहे. त्याचा माझ्यावर काहीही परिणाम झालेला नाही, हेही नोंदवून ठेवते.

शाळा चौथीपर्यंत. वकिलाने नमुना दिला, त्यातले जड शब्द मी गाळले. तो म्हणाला, "आजी, तुम्ही सांगा, मी टाइप करतो." मी म्हटलं, "म्हणजे कुठली वस्तू कुठे आहे ते तुम्हाला आयतं कळेल." तो हसला. मी हसले नाही.

कलम १. या मृत्युपत्राचं खरं कारण.
घर, गॅरेज यासाठी मी कागद काळे केले नसते. त्यावर पोरांनी आपापसात डोकी फोडली असती तरी चाललं असतं. कारण एकच. चार नंबरच्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनावरचं झाकण, आणि त्याखालचं तांब्याचं गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारा पातळ पत्रा. या दोन वस्तू माझ्या आहेत. पैकी हेड माझ्याच घरातून, माझ्याच खाटेखालून चोरीला गेलं आहे. गॅस्केट गेलेलं नाही. ते कोणाच्या हाती जातं यावर सगळं आहे.

गाडीची हकिकत थोडक्यात. एका कारखान्याने शर्यतीसाठी चारच गाड्या बनवल्या आणि शटर ओढलं. चौथीचं गॅस्केट शेवटच्या शर्यतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मधे जळलं, गाडी जागच्या जागी बसली. पुढे तिचे तुकडे झाले. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचं धड, भट्टीत गेला. सांगाडा आणि चाकं परगावच्या एका म्हाताऱ्या संग्राहकाकडे आहेत, त्यांना आम्ही सांगाडेवाले म्हणतो. भला माणूस वाटतो, म्हणून त्यांच्यापासूनही जपूनच राहिले.

हेड मला एकतीस वर्षांपूर्वी एका धोबीखान्याच्या मागे सापडलं. पाण्याच्या टाकीखाली टेकण म्हणून लावलं होतं. माझे पती, कै. उस्ताद (सगळी गल्ली त्यांना उस्तादच म्हणायची), म्हणाले, "पंपाचं झाकण आहे, चल." मी नाक लावलं. एरंडेलाचा वास! लहानपणी मला नाक दाबून एरंडेल पाजलेलं आहे, तो वास मी मेले तरी विसरणार नाही. साध्या गाडीत एरंडेल कोण घालतो? शर्यतीवाले घालायचे. मी रॉकेलचा बोळा फिरवला. साधं काळं असतं तर निघालं असतं. एरंडेल तापून तापून बसलेला पिवळा थर रॉकेलला भीक घालत नाही. तो तसाच राहिला. गॅस्केट खाली चिकटलेलंच होतं. जिथे ते जळलं होतं तिथेच हेडमध्ये खोल चर पडली होती. दोन्ही एकमेकांवर ठेवली की एकाच कागदाचे दोन तुकडे जुळावेत तशी जुळत. उस्ताद त्या दिवसापासून कुठलाही भाग विकत घेण्याआधी म्हणायचे, "आधी हिच्या नाकाखाली धरा."

आमच्या धंद्याचा एकच नियम: पुसायचं नाही. मळ हाच दाखला. थोरल्या मुलाला हे मी तो रांगत होता तेव्हापासून सांगते आहे.

कलम २. घर, गॅरेज, शिल्लक.
गॅरेज आणि आतली सगळी हत्यारं थोरल्या मुलाला. तो हात चालवतो, ते मी नाकारत नाही. उस्तादांचा पान्यांचा संच त्यालाच, पण त्यातला सोळाचा पाना बदललेला आहे. कोणी बदलला ते त्याला विचारा.
वरचा मजला अर्धा थोरल्याला, अर्धा लेकीला. लेक आठवड्याला येते, माझी विचारपूस करते आणि जाताना भिंतीची मापं डोळ्याने घेते. घे बाई, अर्धीच घे.
बँकेत जे असेल त्यातून माझं अंत्यकार्य करावं, उरलं ते लेकीला. बाजारातला जो दलाल, गॉगल (घरातही गॉगल काढत नाही म्हणून हे नाव), त्याला माझ्या अंत्ययात्रेत खांदा देऊ देऊ नये. तिरडीचा बांबू बदलून नेईल.

कलम ३. चोरीची हकिकत.
मांडीचं हाड मोडलं म्हणून मी तीन आठवडे हॉस्पिटलात होते. घरी आले, दुपारी खाटेवर आडवी झाले आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. वास नव्हता. एकतीस वर्षं त्या वासावर झोपले आहे मी. काठी टेकत खाली वाकले. हेड जागेवर होतं, मळकं, चर पडलेलं, नंबर मारलेला. रॉकेलचा बोळा फिरवला आणि बोळा काळा झाला. बुटाचं पॉलिश आणि काजळी! मग माझ्या लपवायच्या जागेवरून गॅस्केट काढून वर ठेवलं. एका बाजूची भोकं जुळली, दुसऱ्या बाजूची जुळेनात. घेतलं तसं परत लपवलं आणि तोंड शिवलं.

पहिला संशय सुनेवर. तीस वर्षं माझा पहिला संशय सुनेवरच असतो, ती सवय आहे. ती बाजारात गेलेली पाहून मी तिची पेटी उघडली. साड्या, तिच्या आईचा फोटो, एक बंद पडलेलं घड्याळ. तेवढ्यात ती दारात.
"सासूबाई, काय शोधताय?"
"सुई."
"सुईच्या डबीत हेड मावत नाही."
मी पेटीचं झाकण लावलं. "तुला काय ठाऊक हेडचं?"
"मीच झाडते ना खाटेखाली. एवढ्या वर्षांचा तेलाचा डाग आहे फरशीवर, हेडच्या मापाचा. तुम्ही हॉस्पिटलात असताना झाडायला वाकले तर डाग हेडच्या बाहेर आलेला, बोटाच्या कांडाएवढा. डाग काही वाढत नाही. म्हणजे हेड लहान झालं."
"मग बोलली का नाहीस?"
"कुणाला? तुम्ही माझंच नाव घेतलं असतं. आता पेटी उघडली ती कोणाची?"
मी सुई मागितली. तिने दिली.

आमच्या गल्लीमागे धातूचे भाग ओतणारा ओतारी आहे, त्याला मी दुसऱ्या दिवशी गाठलं. तो म्हणाला, "आजी, मूळ वस्तूवरूनच साचा काढला की माल थंड होताना आकसतो. मी सांगितलं होतं, नकल जरा लहान पडेल."
"कोणाला सांगितलं होतंस?"
तो भट्टीकडे बघायला लागला. "तुमच्या थोरल्याला. तो म्हणाला, आई डोळ्यांनी अधू झाली आहे."
डोळ्यांनी!

असा माल खपवणारा दलाल एकच, म्हणून तिथून गॉगलच्या दुकानात. टेबलावर माझं हेड. चांदीच्या ताटासारखं चकचकीत. वाळू मारून साफ केलं होतं. एरंडेलाचा थर गेला, हाताने हलका मारलेला नंबर पुसला गेला, फक्त चर राहिली कारण ती खोल होती. साफ करायचं डोकं थोरल्याचं, असं गॉगलने हात झटकत सांगितलं. आपल्या पोराने चोरी केली याचं मला जेवढं लागलं नाही तेवढं त्याने पुसलं याचं लागलं. चोर तरी धंदा शिकलेला असावा.

आता घोडं इथे अडलं आहे. सांगाडेवाल्यांनी गॉगलला कळवलं: नंबर नाही, थर नाही, हे हेड चार नंबरचंच कशावरून? जळकं गॅस्केट आणा, चरीला चर आणि भोकाला भोक जुळवून दाखवा, तर बोलू.

तेव्हापासून थोरला माझे पाय चेपतो आहे.
"आई, ती फाटकी तांब्याची पट्टी होती ना गं, कुठे ठेवलीस?"
"कुठली?"
"तीच, जळकी. भंगारच ते, टाकून देऊ म्हटलं."
"भंगाराला एवढं शोधतात होय?"
"तुझा माझ्यावर विश्वासच नाही."
"तुझ्या बापावरही नव्हता. पण त्याने कधी काही पुसलं नाही."
त्याने पाय चेपणं थांबवलं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू केलं, गरज मोठी म्हणून.

कलम ४. हेड व गॅस्केट यांची व्यवस्था.
चार नंबरच्या गाडीचं हेड, आज ते कोणाच्याही टेबलावर असो, माझ्या मालकीचं आहे. मी ते विकलेलं नाही, कोणाला दिलेलं नाही, विकायला सांगितलेलं नाही. ते आणि त्याचं तांब्याचं गॅस्केट या दोन्ही वस्तू मी माझ्या थोरल्या सुनेला देते. तिच्या एकटीला. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या मुलाचा, यात कवडीचाही हक्क नाही. सांगाडेवाल्यांशी बोलणं तिने करावं, कागदावर सही तिची असावी, आणि जे ठरेल ते तिच्या नावे जमा व्हावं. नवरा रडला तर तिने त्याला रुमाल द्यावा, गॅस्केट देऊ नये.

हे मी प्रेमापोटी करत नाही. तिचं माझं पटलं नाही, पटणारही नाही, आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आजही नाही. पण या घरात मळाकडे बघून जिने काही ओळखलं अशी माझ्यानंतर ती एकटीच आहे. लेकीने त्या खाटेवर बसून एवढी वर्षं गप्पा मारल्या, खाली एकदाही वाकली नाही.

खाटेखालची नकल थोरल्याला. त्याने करवून घेतली आहे, त्यानेच सांभाळावी.

कलम ५. गॅस्केट कुठे आहे.
हे कलम लिहायला घेण्याआधी, आज सकाळी, मी माझ्या लपवायच्या जागेवर जाऊन पाहिलं. जागा रिकामी होती. मी तशीच स्वयंपाकघरात गेले. सून ओट्यापाशी भांडी विसळत होती. मी काही विचारायच्या आत, मागे न वळताच म्हणाली, "यांनी काल तुमच्या खोलीत शिडी नेली. म्हणून मी ते आधीच हलवलं."
"कुठे?"
"ते तुम्हाला नाही सांगत. तुम्ही लिहून ठेवाल."

मी लिहिणारच होते. पुढची ओळ तीच होती. ती आता लिहिता येत नाही, कारण मला ठाऊक नाही. तिने बरोबर केलं. या कलमाखाली जागा कोरी सोडली आहे, ती कोणीही भरू नये.

हे मृत्युपत्र मी पुन्हा एकदा स्वतः वाचलं, चुका आहेत त्या माझ्या आहेत, आणि मागची सगळी कागदपत्रं रद्द समजावीत. लाभ घेणाऱ्याने साक्ष करू नये असं वकील म्हणतो. घरच्या कोणाची मी तशीही घेणार नव्हते.

सही: (माझी, वाकडी आहे, पण माझीच)

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. माझ्यासमोर सही केली. चष्मा लावून.
साक्षीदार दुसरा: औषधाच्या दुकानातले कंपाउंडर. कागद वाचायला मागितला, दिला नाही.

स्थळ: राहतं घर, वरचा मजला, पुढची खोली, दार आतून लावून.
दिनांक: चालू महिन्याची नऊ, मंगळवार, सकाळी अकरा.