काळी गाडी विकण्याआधी

अक्का, मी पॉलिशचं मशीन विकत घेतलंय. लॅबमधल्या तुझ्या कवळ्या चमकवायच्या लेथसारखं टेबलावर बसवलेलं नाही, दोन्ही हातांत धरायचं आहे, पण चालू केलं की तीच थरथर कोपरापर्यंत चढते. घरातली सगळी चुलत भावंडं तुला अक्का म्हणायची म्हणून मीही अक्काच म्हणत राहिले, आई म्हणायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा आमच्याकडे स्कूटर होती. नंतर ह्यांनी गाडी घेतली, आणि तीही काळी. बेंगळुरूच्या धुळीत काळी गाडी कोण घेतं, असं सगळे म्हणाले. हे कुणाचं ऐकणारे नव्हेत, तुला माहीतच आहे. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी स्वतः धुवायचे, दुसऱ्या कुणाला फडकं लावू द्यायचे नाहीत. शेजारचे अण्णा गमतीनं म्हणायचे, "देवाची पूजा झाली का, मग गाडीची?" तर हे म्हणायचे, "आधी गाडीची."

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात आणि बोलणं दोन्ही मागे पडलं. डॉक्टर म्हणाले, बोलायला लावा, घराबाहेर काढा, हळूहळू सुधारतील. पण हे खोलीतून बाल्कनीत आणि बाल्कनीतून खोलीत, एवढंच. लिफ्टनं खाली चला म्हटलं की मान हलवायचे. शब्द अडखळतो हे लोकांना दिसू नये, एवढीच त्यांची इच्छा असावी. गाडी खाली उभीच राहिली. सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस तिच्यावरूनही कोरडं फडकं फिरवायचा, बिचारा चांगल्या मनानंच. एक दिवस दुपारच्या उन्हात बाल्कनीतून खाली पाहताना हे एकदम म्हणाले, "विकून टाक." मी खाली जाऊन पाहिलं. बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब होतं आणि त्याच्याभोवती कोळ्यानं जाळं विणावं तसे गोल गोल बारीक ओरखडे. पांढऱ्या गाडीवर हे कुणाला दिसलंही नसतं. काळ्या रंगावर काही म्हणता काही लपत नाही. ह्यांना वरून तेच दिसत होतं, रोज.

विकायची तर विकू, पण अशी नाही, असं मी ठरवलं. कोरमंगलात मोठमोठी दुकानं आहेत, गाडी सोडा आणि संध्याकाळी चकचकीत घेऊन जा. मी विचारलं तर ह्यांनी मान हलवली. परक्या हातात द्यायची नव्हती. "मग मी करू?" म्हटलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. आणि अक्का, कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं. ते हसू माझ्यावरच होतं, पण चालेल.

तेव्हापासून तू सारखी आठवतेस. शिवाजीनगरच्या बस स्टँडजवळ बेकरीच्या वरचा तो जिना, वर चढता चढता पावाचा वास मागे पडायचा आणि तुमच्या लॅबमधला गरम प्लॅस्टिकचा वास सुरू व्हायचा. बाबा गेल्यावर तू तिथं कामाला लागलीस, आधी साचे धुवायला, मग कवळ्या बनवायला. बायका तेव्हा त्या कामात नव्हत्याच. लॅबचे म्हातारे मालक सुरुवातीला म्हणाले होते, "लेथवर पदर अडकेल." दुसऱ्या दिवशी तू पदर कमरेला घट्ट खोचून, केसांना रुमाल बांधून लेथपुढे उभी राहिलीस आणि तो विषय तिथंच संपला. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, तू कधी सांगितलं नाहीस. मी कॉलेजातून थेट तिथं यायची. तू कापडी चाकावर ओली राखाडी पूड लावून कवळी फिरवते आहेस, तोंडावर शिंतोडे उडताहेत, आणि तुझा हात इतका सैल की वाटावं, धरलंय की नाही. मी हट्ट केला तेव्हा तू मला लेथवर उभं केलंस. मी सगळा जोर लावला. तू काही बोलली नाहीस, मागून येऊन माझं कोपर दोन बोटांनी उचललंस, बस.

एकदा मात्र बोललीस. मी बाहेरची बाजू छान चमकवली होती, हिरडीचा गुलाबी भाग काचेसारखा झाला होता, आणि त्याच तोऱ्यात मी कवळी उलटी करून आतली बाजू चाकाला लावायला गेले. तू मशीनच बंद केलंस. "तिकडे नाही!" सगळे वळून पाहायला लागले. "ही बाजू माणसाच्या टाळूला धरून बसते. गुळगुळीत केलीस की जेवताना ताटात पडेल. तुला चमक दिसते, त्याला घास चावायचाय." मला इतका राग आला की मी खाली बेकरीत जाऊन बसले. तू घरी निघताना तिथं आलीस, माझ्यासाठी गरम बन घेतलास आणि म्हणालीस, "बाहेरची बाजू मात्र माझ्यापेक्षा बरी झालीय." बाकी काही नाही. राग धरण्याची संधीच द्यायची नाहीस तू.

आणि तो क्लॅरिनेटवाला. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, समोरचे दात गेले म्हणून त्याचं वाजवणंच बंद झालं होतं. कवळी बसली, जेवण होऊ लागलं, पण तो पुन्हा जिना चढून आला. "अक्का, खाने को अच्छा है. बजाने को नहीं. हवा छूट जाती." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, बाबा, आता वय झालं. तू म्हणालीस, "वाद्य घेऊन या." तो बावरला, पण दुसऱ्या दिवशी क्लॅरिनेटची पेटी काखेत मारून आला. तू त्याला खिडकीपाशी स्टुलावर बसवलंस. वाजवा. फुस्स. तू कवळी काढून घ्यायचीस, पुढच्या दातांची कड स्वल्प घासायचीस, चाकावर फिरवायचीस, धुवायचीस, परत द्यायचीस. वाजवा. दुपारभर हेच. मालक आधी वैतागले, मग स्वतःच खुर्ची ओढून बसले. आणि मग एकदा सूर निघाला, नुसता निघाला नाही, भरून निघाला. त्यानं डोळे मिटले आणि वरातीतली एक धून सुरू केली. जिन्यावर बेकरीतली माणसं येऊन उभी राहिली. तू लेथला टेकून ऐकत होतीस, तोंडावर राखाडी शिंतोडे तसेच. धून संपल्यावर तू एवढंच विचारलंस, "कुठं टोचत नाही ना?" अक्का, मी नंतर आयुष्यात बरीच हुशार माणसं पाहिली. काम संपल्यावर असा प्रश्न विचारणारी फार थोडी.

तर, मशीन. एकदम ह्यांच्या गाडीवर हात टाकायची हिंमत नव्हती. शिवाजीनगरात मागच्या गल्लीत मोडीतल्या गाड्यांचे सुटे भाग विकतात, तिथून एक जुनं काळं बॉनेट आणलं. ते ऑटोत आडवं घालून निघाले तर रिक्षावाला आरशातून बघत विचारतो, "अक्का, बाकी गाडी एल्ली?" मी म्हटलं, बाकी गाडी घरी आहे, हे शिकायला. तो यशवंतपूरच्या सिग्नलपर्यंत हसत होता. मग पार्किंगमध्ये दोन स्टुलांवर ते बॉनेट ठेवून मी शिकत बसले. आधी धुवायचं, मग कणकेसारखी मऊ वडी साबणाच्या पाण्यात फिरवायची म्हणजे रुतलेली घाण निघते, कडांना चिकटपट्टी लावायची कारण कडेला रंग सगळ्यात पातळ असतो. मग मशीनला लावलेल्या फोमच्या गादीवर पॉलिशचे थेंब, आणि हात सावकाश, उभा आडवा. व्हिडिओत सोपं दिसतं. मी एका कडेला पट्टी न लावता घाई केली आणि वरचा पारदर्शक थर जाऊन खालचा रंग उघडा पडला. मोडीतलं बॉनेट होतं म्हणून निभावलं. बाल्कनीतून हे बघत होते. मी वर गेले तर हे म्हणाले, "क...कड." मी म्हटलं, "कळलं हो."

खऱ्या गाडीला हात लावला त्या सकाळी मी ह्यांना विचारलंही नाही. खाली मशीन जोडलं, बॉनेट धुतलं, पॉलिश लावलं आणि चुकीचं करायला लागले. मुद्दाम नाही, खरंच जमत नव्हतं. चमक येण्याऐवजी नुसता धुरकट थर राहत होता. मी आणखी जोर लावला. तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवून हे येत होते, अंगात घरातलाच शर्ट, केस विंचरलेले नाहीत. वॉचमननं स्वतःची खुर्ची दिली. ह्यांनी डावा हात वर करून गादीकडे बोट दाखवलं आणि शब्द गोळा करत करत म्हणाले, "फिरत... नाहीये. तू... दाबतेस. ती थांबते." मी पाहिलं. खरंच, मशीन नुसतं थरथरत होतं, गादी जागेवर उभी होती. मी हात सैल सोडला. गादी फिरायला लागली. थर पुसला तेव्हा खाली काळं, खोल, पाण्यासारखं बॉनेट होतं आणि त्यात वरच्या ट्यूबलाइटची एक सरळ रेघ. हे पुढे वाकले, त्यात स्वतःचा चेहरा दिसला असावा. वॉचमनला म्हणाले, "कंगवा... आहे?"

त्यानंतर हे रोज खाली यायचे. मी एकेक भाग करायचे, हे टॉर्च डाव्या हातात धरून तिरका उजेड टाकायचे आणि राहिलेले ओरखडे शोधायचे. "इथं. नाही, वर. स्वल्प वर." येणारे जाणारे थांबायचे, शेजारचे अण्णा गाडीची चौकशी करायचे आणि ह्यांना उत्तर द्यावंच लागायचं. मी गप्प राहायचे, मध्ये शब्द पुरवायचे नाही. कठीण जायचं ते. डाव्या दारावर फाटकाच्या खिळ्याचा एक खोल ओरखडा होता, तो काढायला मी पुन्हा पुन्हा मशीन लावत होते. ह्यांनी हात केला. "राहू दे. थर... संपेल." मी तो तसाच ठेवला. त्याच्या बाजूनं हात फिरवताना तुझं ते बंद केलेलं मशीन आणि सगळ्यांचं वळून पाहणं आठवलं, आणि इतक्या वर्षांनी मला हसू आलं.

गाडी विकली गेली, अक्का. मला आतून वाटत होतं, हे ऐन वेळी नाही म्हणतील. पण तसं म्हणाले नाहीत. पुण्याहून नोकरीसाठी इकडे आलेला एक मुलगा आणि त्याची बायको घ्यायला आले. तो गाडीभोवती फिरून म्हणाला, "काका, अनबिलिव्हेबल! कुठल्या स्टुडिओत केलंत?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. मग त्याला समोर बसवून हे गाडी कशी धुवायची ते सांगायला लागले. दोन बादल्या, एक साबणाची, एक नुसती फडकं खळबळायला. कोरडं फडकं कधीही नाही. उन्हात नाही. दारावरचा ओरखडाही दाखवला, त्याला हात लावू नकोस म्हणून बजावलं. प्रत्येक वाक्याला किती वेळ लागत होता! तो मुलगा मध्ये बोलला नाही, घड्याळ पाहिलं नाही, त्याच्या बायकोनं तर सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा ह्यांचे डोळे भरले होते, पण खांदे सरळ होते. इतकं सलग ते आजारपणानंतर पहिल्यांदाच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खोलीतच बसून राहतील अशी मला भीती होती. पण चहा झाल्यावर चपला शोधायला लागले. "खाली," म्हणाले. आता मी शेजारच्या अण्णांची गाडी पॉलिशला घेतली आहे, तीही काळीच, आणि हे तिच्याजवळ खुर्ची टाकून बसतात. अण्णांना पॉलिशपेक्षा गप्पांचीच जास्त हौस आहे. ह्यांच्या-माझ्यात सध्या मतभेद फक्त एवढाच, की कोणती गादी आधी लावायची. ह्यांचं वाक्य अजून अडतं, पण भांडताना कमी अडतं.

हे सगळं तुला लिहिलं खरं, पण देवनागरीत लिहिलं. मी ती शाळेतल्या हिंदीच्या तासाला शिकले, तू कन्नड शाळेत शिकलेली. बाजारातून काय आणायचं तेही तू मराठीतच सांगायचीस पण कन्नड अक्षरांत लिहायचीस. तेव्हा तू असतीस तरी हे पत्र तुझ्या हाती देण्यात अर्थ नव्हता, मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं. आणि खरं सांगते, क्लॅरिनेटवाल्याच्या पुढची, हुशार माणसांबद्दलची ती दोन वाक्यं मी गाळून वाचली असती. तुझ्या तोंडावर मला ती म्हणता आली नसती.