'बोलू नका' लिहिलेला एप्रन

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात. कंबर धरली आहे, वाकले तर तिथेच राहीन). तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला कसा आहे? शाळेतल्या नर्सच्या जागेसाठी तू शब्द टाकलास आणि मी अजून उत्तर दिलं नाही, म्हणून रागावू नकोस. इथला राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. नेऊन द्यायला त्राण नाही.

त्यात आमच्या हॉस्पिटलने नर्सिंगची गुणवत्ता सुधारायचं मनावर घेतलं. समिती नेमली. समितीने आम्हाला ड्युटी संपल्यावर बसवून घेऊन, गुणवत्ता का घसरते यावर व्याख्यान दिलं. नर्स दमतात म्हणून, असं निघालं. (हे निघालं तेव्हा आमच्यातल्या दोघी झोपल्या होत्या.) मग माणसं वाढवा म्हटलं, तर म्हणे विचार चालू आहे. तो मी नोकरीला लागल्यापासून चालू आहे. तोवर वॉर्डाला एक लालभडक एप्रन दिला, पुढे आणि मागे लिहिलेलं, 'औषध देत आहे, बोलू नका'. गोळ्या काढताना कुणी मध्ये बोललं की चूक होते, हे मात्र खरं.

पहिल्या दिवशी जो तो थांबून एप्रन वाचायचा आणि विचारायचा, का बोलायचं नाही? नातेवाइकांनी विचारलं, झाडूवाल्या मावशींनी विचारलं. समितीचे अध्यक्ष तर, कुणी मध्ये बोलत नाही ना, हे विचारायला स्वतःच मध्ये आले. कोपऱ्यातल्या आजींना वाटलं, मी कुणाशी तरी अबोला धरलाय. त्या समजूत घालायला उठून बसल्या.

शेवटी दाराजवळच्या खाटेवरच्या कंडक्टरकाकांनी सूत्रं हातात घेतली. (पाय प्लॅस्टरमध्ये, पण आवाज शाबूत.) परवा मोठे डॉक्टर तरातरा आत आले, "सिस्टर, जरा..." एवढंच म्हणाले, तोच काका म्हणाले, "मागे सरका साहेब, त्या गोळ्या काढतायत." आणि ताई, मोठे डॉक्टर थांबले. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या शांततेत मला दिसलं, आजींच्या वाटीत माझ्याच हातून शेजारच्या खाटेवरच्या बाईंची मधुमेहाची गोळी पडली होती. एरवी ती तशीच आजींच्या पोटात गेली असती. गुपचूप काढली, बरोबर गोळी दिली, आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

तो एप्रन काल धुवायला गेला आणि हरवला. दुसऱ्याचा विचार चालू आहे.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी दमलेली धाकटी

ता. क. शाळेला काय कळवायचं ते तूच ठरव. माझं डोकं चालत नाही.

आणखी ता. क. नको, नाही म्हणून कळव. तुझं शिलाई मशीन चालू आहे ना? वॉर्डातल्या आम्हा सगळ्या नर्सना पुरतील इतके तसले एप्रन शिवून दे. लाल कापड नसलं तरी चालेल, पण अक्षरं डॉक्टरांना दिसतील एवढी हवीत. मापं सोबतच्या कागदावर लिहिली आहेत. कोरा कागद सापडला नाही, म्हणून राजीनाम्याची मागची बाजू घेतली.

शेवटचा ता. क. एक जास्तीचा शिव. त्यावर लिही, 'जरा बसली आहे, बोलू नका'. तो घरी लागेल.