ओठाला लावलेला दगड

प्रिय इदाइरा,

मंगळवारी तू आपल्या कुंभारकामाच्या गुहेच्या दारात येऊन उभी राहिलीस, डोळ्यांवर काळा चष्मा, तेव्हा मी कोपरापर्यंत मातीत होते. "आलीस गं बाई!" अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तू मान हलवलीस. नाही म्हणून, एवढीशीच. मग तुझ्यामागून तुझा होणारा नवरा आणि त्याची आई आत आली, आणि मला काय ते उमगलं. मी म्हटलं, "या, डोकं सांभाळा, दार ठेंगणं आहे." तुलाही म्हटलं. याच दारावर आपटून लहानपणी तू किती टेंगळं आणलीस! तेव्हापासून मला लाज वाटतेय. तुझी जास्त की माझी, ते काही ठरत नाही.

आधी कसली वाटली सांगू? एप्रनची. त्यावर गेरूचे डाग होते, आणि खिशातून गोफिओची, भाजलेल्या धान्याच्या पिठाची पुरचुंडी डोकावत होती. मनात आलं, कळवलं असतंस तर धुतलेला तरी घातला असता. वेडीच मी. कळवणार कशी होतीस तू?

तुझ्या सासूबाई, बेगोन्याबाई, मला आवडल्या. माद्रिदच्या असून नाक वर नाही. चाक कुठंय म्हणून शोधत होत्या. चाक नाही, हातच, म्हटल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या. मी सगळ्यांना मातीचा गोळा दिला. तू मुद्दाम नखं रुतवलीस, काठ वाकडा केलास. तुझ्या आजीनं पाहिलं असतं तर फटकाच बसला असता. मग अर्धवट सुकलेला एक वाडगा घोटायला दिला, आणि आजीचा तो काळा गुळगुळीत दगड. तू तो हातात घेतलास आणि नकळत खालच्या ओठाला लावून ओला केलास. आजी करायची तसा. मी करते तसा.  त्यांच्या लक्षात येईल म्हणून मीच घाईघाईनं म्हटलं, "अहो ताई, दगड तोंडाला लावू नका, घाण असतो." पोटच्या पोरीला अहो म्हटलं मी, इदाइरा.

बेगोन्याबाई कौतुकानं सांगत होत्या, "आमच्या सुनेची आईपण या बेटावरचीच हो, पण व्हेनेझुएलात असते. मोठं दुकान आहे तिचं." मी छान म्हटलं. तू जमिनीकडे बघत होतीस. दुकान तरी मोठं दिलंस मला! मग त्यांनी विचारलं, "तुमच्यामागं हे कोण करणार? मुलगी नाही का?" शिकायला लांब असते, एवढं म्हणता आलं असतं. कुणी माझा गळा धरला नव्हता. मी म्हटलं, "नाही." आजीचा दगड हातात असताना म्हटलं.

कोपऱ्यात शेजारची पिनो मावशी हंड्याला कान बसवत होती. सगळं ऐकूनही तिनं मान वर केली नाही. तुम्ही गेल्यावर मात्र म्हणाली, "पोरगी चांगलीच नाटकी झालीय गं तुझी! आणि तू? तू तर तिच्या वरताण." मी हसले, आणि मग रडले. रागावले नाही तुझ्यावर. म्हणजे रागावले, पण स्वतःवर जास्त. तू मला झाकलंस, मी तर तुला पुसूनच टाकलं.

हे सगळं मी मनातच ठेवणार होते. पण काल बेगोन्याबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुम्हाला मुलगी नाही, ते माझ्या मनाला लागून राहिलंय. इथंच लास पाल्मासला आमच्या पोराचं लग्न आहे, मोठं. तुम्ही या, पाहुण्यांसमोर दोन भांडी घडवून दाखवा, आणि जेवूनच जा." तू तर मला सांगितलं होतंस, लग्न घरातल्या घरात, कुणालाच बोलावत नाही. तरी मी हो म्हटलं. त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत हो म्हटलं. तुला नवरीच्या वेषात बघायला मिळेल, दुसरं काही सुचलंच नाही. आता तूच सांग, येऊ का? तू नको म्हणालीस तर हात मुरगळला म्हणून कळवते, त्यांना खरं वाटेल. पण ये म्हणालीस तर एवढं कर. पाहुण्यांच्या हौसेखातर तुझ्याही हातात दगड दिला, तर तो ओठाला लावू नकोस. या वेळी मला अहो म्हणणं जमायचं नाही.

तुझीच,
आई