फाटकावरची ओ

एलादिओदादा,

वादळानंतर आपल्या हायुया गावच्या डोंगरातले निम्मे मळे ओस पडले. दर रविवारी मी शहरातल्या हौशी लोकांना त्या रानवाटांनी फिरवते. काल त्यांना आपल्या कॉफीच्या मळ्याकडे नेलं. रागावू नकोस. तू ऑर्लँडोला गेल्यापासून तिकडे कुणी फिरकलेलंच नाही. कॉफीची झाडं आता मळ्यातल्या आपल्या घराच्या पत्र्यावर वाकली आहेत.

बाबांची शिस्त अंगात मुरलेली. फाटकाशी थांबले आणि हाक मारली, "आहे का कुणी घरात?" घर रिकामं असलं तरी आपल्याकडे हाक मारल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नाही.

मागून गटातली मिग्दालिया हसली. "अगं बाई, कुणाला विचारतेस? वटवाघळांना?"

तेवढ्यात आतून ओ आली. "ये गं बेडके! चिखलाचे पाय बाहेर पुसून ये!"

बाबांचा आवाज असता, तर कदाचित मी आत गेलेही असते. ते जाऊन आता वर्षं झाली. पण आवाज तुझा होता, आणि मला बेडकी म्हणणारा जगात तू एकटाच.

मिग्दालियाचं हसू तोंडातच राहिलं. आम्ही सगळे आल्या वाटेने परतलो.

कालपासून फोन समोर ठेवून बसले आहे. लावत नाही. हे पत्रही टाकणार नाही. मी विचारत नाही तोवर तू ऑर्लँडोतच आहेस, कामावरून आला आहेस, आणि तुझ्याच दारात पाय पुसतो आहेस.

तुझी,
बेडकी